बदकांच्या शिकारीला खाजणात जाणारे ब्रिटिश शिकारी ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या कोटावर लगेच विश्वास का ठेवत नाहीत?

जानेवारीतली सकाळ. घड्याळात साडेसहा झालेत, पण उजाडायला अजून जवळपास दोन तास आहेत. जागा आहे इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या मधोमध आत घुसलेली सॉलवे खाडी. तापमान तीन-चार अंश. समोरून वारा आणि त्या वाऱ्यावर स्वार होऊन आडवा येणारा पाऊस. अशा वेळी एक माणूस गाडीतून उतरतो, बंदूक खांद्याला अडकवतो, कुत्र्याला हाक मारतो आणि अंधारात चिखल तुडवत समुद्राच्या दिशेनं चालायला लागतो.

पुढचे तीन-चार तास तो उघड्यावर असणार आहे. आडोसा म्हणजे खाजणातला एखादा चर. त्याला थंडी वाजणार की नाही, हे बऱ्याच अंशी अंगावरचा कोट ठरवणार आहे.

आता कोट घेणं म्हणजे काय मोठं काम, असं वाटेल. दुकानात जायचं, ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला बघायचा, पैसे द्यायचे. पण ज्यांनी अशा खाजणात दहा-वीस हिवाळे काढलेत, ते लेबलवर लिहिलेल्या या एका शब्दाकडे जरा संशयानंच बघतात. त्यामागचं कारण समजून घेतलं, तर पावसाळी ट्रेकसाठी जॅकेट घेणाऱ्यालाही त्याचा उपयोग आहे, कारण लेबलवरचे आकडे तेच असतात.

आधी हा प्रकार काय आहे?

समुद्रकिनाऱ्यालगतच्या खाजणात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात रानबदकांची आणि रानहंसांची शिकार करणं, याला ब्रिटनमध्ये ‘वाइल्डफाउलिंग’ म्हणतात. विजन, टील, मॅलार्ड, पिनटेल ही बदकं आणि आइसलंड-ग्रीनलंडकडून हिवाळ्यात येणारे गुलाबी पायांचे हंस हे त्यातले नेहमीचे पक्षी. पक्षी रात्री एका ठिकाणी आणि दिवसा दुसऱ्या ठिकाणी असतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते जागा बदलतात. शिकारी त्या वाटेवर दबा धरून बसतो. बरेचदा तो रिकाम्या हातानं परततो आणि त्याचं कुणालाच फारसं नवल वाटत नाही.

हे कायद्यात बसतं का? ब्रिटनमध्ये बसतं, पण बांधून दिलेल्या हंगामात आणि ठरलेल्या प्रजातींपुरतंच. हंगाम साधारण १ सप्टेंबरला सुरू होतो. जमिनीच्या भागात तो ३१ जानेवारीला संपतो आणि भरतीच्या रेषेखालच्या पट्ट्यात २० फेब्रुवारीपर्यंत चालतो. या शिकाऱ्यांची संघटना १९०८ साली स्टॅन्ली डंकन यांनी उभी केली. आजच्या ‘ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्व्हेशन’चं ते मूळ. गंमत म्हणजे पाणपक्ष्यांसाठी १९४६ मध्ये स्लिमब्रिजला संस्था सुरू करणारे आणि पुढे ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’च्या संस्थापकांपैकी एक असणारे पीटर स्कॉट तरुणपणी याच खाजणांत बंदूक घेऊन बसायचे.

भारतात मात्र हा विषय मिटलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे. भिगवणला किंवा नांदूरमध्यमेश्वरला आपल्याकडे लोक जातात ते कॅमेरा घेऊन, आणि तेही कोरड्या हिवाळ्यात. त्यामुळे या शिकारीच्या कोटाची इथे कुणाला गरज नाही.

एकाच सकाळी चार वेगळी कामं

या कोटाची अडचण अशी आहे, की त्याच्याकडून परस्परविरोधी अपेक्षा असतात.

पहिला टप्पा चालण्याचा. गाडी लावतात तिथून बसायची जागा एक-दोन किलोमीटर लांब असू शकते. रस्ता नाही, मऊ गाळ आहे. पायात छातीपर्यंत येणारे रबरी वेडर, पाठीवर पिशवी, त्यात नकली बदकं, काडतुसं, थर्मास. अर्ध्या वाटेत माणूस घामानं भिजतो.

दुसरा टप्पा बसण्याचा. पोचल्यावर तो चिखलात बसतो, आणि दोन-तीन तास हलत नाही. शरीराची भट्टी मंदावते. मघाशी आलेला घाम आता कपड्यात गार पडायला लागतो. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं वाहून जाते, त्यामुळे ओला सदरा अंगाला चिकटला, की तो पांघरूण राहत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेतो.

तिसरा टप्पा काही सेकंदांचा. डोक्यावरून हंसांचा थवा येतो, माणूस उठतो, दोन्ही हात वर करून बंदूक खांद्याला लावतो. त्या क्षणी बाह्या वर सरकतात आणि पाऊस सरळ बाहीत शिरतो.

चौथा टप्पा आवराआवरीचा. पाण्यात सोडलेली नकली बदकं गोळा करायला कोपरापर्यंत हात पाण्यात घालावा लागतो. आणि पक्षी आणून देणारा लॅब्राडोर नेमका मालकाच्या शेजारी उभा राहूनच अंग झटकतो.

पावसापासून बचाव करणारी वस्तू माणूस कोणत्या स्थितीत काम करतो त्यावरून ठरते, हे कोकणातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागलं नाही. वाकून लावणी करायची, म्हणून पाठ झाकणारं इरलं. छत्री त्या कामाला निरुपयोगी. खाजणातल्या शिकाऱ्याचा कोटही असाच त्याच्या चार टप्प्यांवरून मापावा लागतो. फक्त ‘पाणी आत येत नाही ना’ एवढं विचारून भागत नाही.

रबर, मेण आणि मग प्लॅस्टिक

पाणी अडवण्याचा प्रश्न ब्रिटननं दोन वाटांनी सोडवला. ग्लासगोचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये पेटंट घेतलं. डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवायचं आणि दोन कापडांच्या मध्ये तो थर भरायचा. पाणी अडलं. पण हे सुरुवातीचे कोट उन्हाळ्यात चिकट व्हायचे, थंडीत कडक व्हायचे, आणि त्यांना वास यायचा. शिवाय पाणी बाहेरून आत येत नव्हतं तसाच घामही आतून बाहेर जात नव्हता.

दुसरी वाट खलाशांची. ओलं शीड वारा जास्त पकडतं, पण जड होतं. म्हणून शिडाच्या कापडाला तेल लावायची पद्धत पडली, आणि जुन्या शिडाचे तुकडे खलाशी अंगावर घेऊ लागले. जवसाचं तेल लावलेलं कापड कालांतरानं पिवळं पडायचं. मच्छीमारांच्या पिवळ्या कोटांचं मूळ तिथं आहे. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जवसाच्या तेलाची जागा पॅराफिन मेणानं घेतली आणि घट्ट विणीचं, हिरवट-काळसर मेणकापड तयार झालं. १८९४ मध्ये जॉन बार्बर यांनी साउथ शील्ड्सच्या बंदरात सुरू केलेलं दुकान याच कापडाच्या जोरावर जगभर पोचलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पाणबुडीवरच्या लोकांनीही हे मेणकापड अंगावर घेतलं. ‘अर्सुला’ नावाच्या पाणबुडीवरून त्या पोशाखाला अर्सुला सूट म्हणू लागले.

आज मेणकापडाचा कोट लंडनच्या रस्त्यांवर फॅशन म्हणून फिरतो. खाजणात त्याची किंमत वेगळ्या कारणांसाठी आहे. तो आवाज करत नाही. काट्यात अडकला तर सहज फाटत नाही. फाटलाच तर ठिगळ लावता येतं. वीस-तीस वर्षं जुने कोट अजून वापरात असतात.

पण खरं सांगायचं तर सलग तीन तासांच्या पावसात मेणकापड हार मानतं. खांदे, कोपर आणि शिवणी या तीन ठिकाणी मेण आधी झिजतं, आणि शिवणीच्या भोकांवर सहसा आतून पट्टी नसते. भिजल्यावर तो जड होतो, कडाक्याच्या थंडीत ताठर होतो. त्याला दरवर्षी नव्यानं मेण लावावं लागतं. गरम पाण्यात डबा ठेवून मेण पातळ करायचं, स्पंजनं चोळायचं, हेअर ड्रायरनं कापडात मुरवायचं. वॉशिंग मशीनमध्ये तो टाकला, की मेणही गेलं आणि कोटही गेला. तासाभराच्या फेरीला तो झकास आहे. जानेवारीतल्या पूर्ण सकाळीसाठी तो एकट्याच्या भरवशावर घेणं धाडसाचं आहे.

अळवावरचं पाणी

१९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या गरम दांड्या ताणून बघत होते. हळूहळू ताणली की दांडी तुटायची. वैतागून त्यांनी एक दांडी जोरात हिसका देऊन ओढली, आणि ती तुटण्याऐवजी कित्येक पट लांब झाली. ताणलेल्या या पदार्थात असंख्य सूक्ष्म छिद्रं होती. पाण्याच्या थेंबाला आत यायला फार लहान, पण वाफेच्या कणाला बाहेर जायला पुरेशी मोठी. १९७६ पासून हा पडदा ‘गोर-टेक्स’ नावानं कपड्यांत आला. नंतर इतर कंपन्यांनी पॉलियुरेथेनचे वगैरे आपापले पडदे काढले. आजचे बहुतेक महागडे शिकारी कोट याच जातीचे आहेत.

इथे एक गोष्ट बहुतेक ग्राहकांना माहीत नसते. पाणी अडवणारा पडदा कोटाच्या आत असतो. बाहेरचं कापड साधं नायलॉन किंवा पॉलिस्टर असतं, आणि त्यावर पाणी न टिकणारा एक रासायनिक लेप असतो. नव्या कोटावर पावसाचे थेंब अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळतात, ती करामत या लेपाची.

लेप घासून, मळून, चिखलानं आणि मिठानं निकामी होतो. मग बाहेरचं कापड पाणी पिऊन घेतं. पडदा शाबूत असतो, पाणी आत येत नाही, पण बाहेर ओल्या कापडाची चादर पसरल्यामुळे घामाची वाफ बाहेर पडायची वाट बुजते. ती आतल्या बाजूला पाणी होऊन जमते. माणसाला वाटतं, कोट गळतोय. चार-पाचशे पौंडांचे कोट याच गैरसमजात कपाटात पडून राहतात. खरं तर ते धुवून, सांगितलं असेल तर कमी उष्णतेवर ड्रायरमध्ये फिरवून, गरज पडल्यास नवा लेप चढवून पुन्हा कामाला येतात. धुवायला नेहमीची पावडर नको, तिचा अंश कापडात राहतो आणि तो पाणी खेचतो. यासाठी वेगळा द्रव साबण मिळतो.

लेबलवरचे आकडे काय सांगतात?

कोटावर १०,०००, १५,०००, २०,००० असे आकडे मिलीमीटरमध्ये लिहिलेले असतात. अर्थ सोपा आहे. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करायचा आणि तो किती उंच झाल्यावर पाणी झिरपायला लागतं ते मोजायचं. १,५०० मिलीमीटर सहन करणारं कापडही बाजारात वॉटरप्रूफ म्हणून विकलं जातं, आणि नुसत्या पावसात उभं राहायचं असेल तर ते बऱ्यापैकी निभावतं.

पण शिकारी नुसता उभा राहत नाही. समजा तो चराच्या कडेवर कोपर टेकून बसला आहे. कोपरावर दहा किलोचा भार, आणि टेकलेली जागा जेमतेम दहा चौरस सेंटीमीटर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब. हा दाब दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजेच १०,००० मिलीमीटर. खाली ओला गाळ आहे. १,५०० वाला कोट कोपरापाशी ओला होणार, हे कागदावरच दिसतं. पिशवीच्या पट्ट्याखालचा खांदा आणि टेकलेला गुडघा यांचंही तेच. त्यामुळे या कामासाठी १०,००० च्या खालचा आकडा बघण्यात अर्थ नाही. २०,००० च्या वर गेल्यावर मात्र पैसे वाढतात, फरक तेवढा वाढत नाही.

शिवाय हा आकडा कापडाचा आहे, कोटाचा नाही. कोटाला शिवणी असतात, चेन असते, खिसे असतात. सगळ्या शिवणींना आतून पट्टी आहे का, हे कोट उलटा करून बघावं. काही स्वस्त कोटांत फक्त खांद्याच्या आणि टोपीच्या शिवणींना पट्टी असते, आणि लेबल तरीही वॉटरप्रूफच म्हणतं.

दुसरा आकडा घाम बाहेर टाकण्याचा. तो दोन पद्धतींनी लिहितात. एकात चोवीस तासांत दर चौरस मीटरमधून किती ग्रॅम वाफ गेली ते असतं, तिथे आकडा जास्त तितकं चांगलं. दुसऱ्याला आरईटी म्हणतात, तिथे आकडा कमी तितकं चांगलं. सहाच्या आत उत्तम, वीसच्या वर असेल तर प्लॅस्टिकची पिशवी घातल्यासारखंच.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. वाफ पडद्यातून जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पाच्या दाबातल्या फरकामुळे. ३३ अंशांच्या घामेजल्या त्वचेजवळ हा दाब साधारण ५ किलोपास्कल असतो. सॉलवेवर ५ अंशांच्या पूर्ण दमट हवेत तो ०.९ च्या आसपास असतो. फरक चारच्या पुढे. जुलैत हरिश्चंद्रगडावर २५ अंश आणि गच्च धुकं असेल, तर बाहेरचा दाब ३.२ च्या जवळ जातो. फरक उरला दोनच्याही खाली. म्हणजे तोच महागडा पडदा ब्रिटनच्या हिवाळ्यात जेवढा श्वास घेतो, त्याच्या निम्माही तो आपल्या पावसाळ्यात घेत नाही. ‘एवढे पैसे घातले तरी आतून भिजलोच’ ही तक्रार बरेचदा जॅकेटच्या दोषाची नसते, हवेची असते. आपल्याकडे काखेखाली चेन असलेलं, मोकळं, हवा खेळणारं जॅकेट जास्त कामाचं.

ब्रिटनमधल्या जुन्या शिकाऱ्यांचा यावरचा उपाय तर फुकटातला आहे. पाऊस फार नसेल तर चालताना कोट घालायचाच नाही. तो पिशवीत ठेवायचा, लोकरी स्वेटरवर चालायचं, थोडी थंडी वाजू द्यायची, आणि जागेवर पोचल्यावर कोरड्या अंगावर कोट चढवायचा.

हंसांना काय ऐकू येतं?

एवढं सगळं जमलं आणि कोट हात हलवल्यावर चिप्सच्या पाकिटासारखा वाजला, तर सगळं मुसळ केरात. शांत पहाटे खाजणात आवाज लांब जातो, आणि अनोळखी खसखस झाली की थवा वाट बदलतो. म्हणून चांगल्या शिकारी कोटाचं बाहेरचं कापड गुळगुळीत नसतं, त्यावर बारीक लव असते. ही लव पाणी थोडं जास्त धरून ठेवते आणि वाळायला वेळ लावते. पण गिर्यारोहणाचं हलकं, चकचकीत जॅकेट कितीही पाणी अडवत असलं तरी ते इथे बाद होतं.

आवाजाची दुसरी बाजू टोपीची आहे. शिकारी हंसांचा आवाज आधी ऐकतो, मग ते त्याला दिसतात. जाड टोपी कानांवर ओढली, की पावसाची टपटप तेवढी ऐकू येते. मान वळवल्यावर टोपी सोबत वळली नाही तर डोळ्यांसमोर कापडच येतं, आणि हातात भरलेली बंदूक असताना बाजूचं न दिसणं धोक्याचं आहे. त्यामुळे बरेच जण काठ असलेली वेगळी टोपी घालतात आणि कोटाची टोपी फक्त मुसळधार पावसापुरती ठेवतात. कॉलर उंच आणि आतून मऊ हवी. मानेतून पाठीवर ओघळणारी एक धार पूर्ण सकाळ खराब करू शकते.

बाहीकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. हात वर करताच पाणी कोपराकडे धावतं, म्हणून बाहीच्या आत मनगटाला घट्ट बसणारी दुसरी पट्टी लागते. निओप्रीनची असेल तर उत्तम. तरीही कोपरभर पाण्यात हात घालायचा असेल, तर वेगळे लांब रबरी हातमोजेच बरे.

लांबीचं गणित पायात काय आहे त्यावर ठरतं. गुडघ्यापर्यंतचे बूट असतील तर मांडी झाकणारा लांब कोट हवा, नाहीतर कोटावरचं सगळं पाणी बुटात उतरतं. छातीपर्यंतचे वेडर असतील तर कोट आखूड हवा. लांब कोटाची कड पाण्यात बुडते, ओली होते, वर चढते आणि चालताना पायात येते. गाळात रुतलेला पाय काढताना याची आठवण होते.

खिसे मोठे हवेत, आणि काडतुसांच्या खिशांना खाली पाणी निथळायला भोकं हवीत. पाणी साठलेला खिसा म्हणजे खाली ओढणारं वजन. बंदुकीचा पट्टा नेहमी एकाच खांद्यावर घासतो, तिथे कापडाचा दुहेरी थर असेल तर कोट दोन हंगाम जास्त टिकतो. रंगावर दुकानदार जेवढं बोलतात तेवढं त्यात नाही. हिवाळ्यातलं खाजण वाळक्या गवताच्या रंगाचं असतं. त्यात फिकट तपकिरी किंवा मातकट हिरवा कोट चालतो, फक्त तो ओला झाल्यावर चमकायला नको. पक्ष्यांना माणूस दिसतो तो बहुधा हालचालीमुळे आणि वर केलेल्या गोऱ्या चेहऱ्यामुळे.

आणि कितीही चांगला कोट भरतीला अडवत नाही. उधाणाच्या दिवसांत मागचे चर आधी भरतात आणि माणूस समोर समुद्राकडे बघत बसलेला असतो. भरतीचं वेळापत्रक, होकायंत्र आणि घरी सांगून ठेवलेली परतीची वेळ या तीन गोष्टी कोटाच्या आधी येतात. ऊबदार, कोरडा कोट इथे उलटा फसवतो. बरं वाटत असतं, म्हणून माणूस निघायला उशीर करतो.

पाणी अडवणारं रसायन पाण्यातच गेलं तर?

गेल्या काही वर्षांत कोट निवडताना आणखी एक प्रश्न आलाय, आणि तो टाळण्यासारखा नाही.

अळवासारखा परिणाम देणाऱ्या लेपांत अनेक दशकं फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली गेली. पीफास या नावानं ती ओळखली जातात. निसर्गात त्यांचं विघटन जवळपास होत नाही, म्हणून त्यांना ‘कायमची रसायनं’ म्हणतात. आर्क्टिकमधल्या ध्रुवीय अस्वलांच्या शरीरातही ती सापडली आहेत. कोट हा त्यांचा एकमेव स्रोत नाही. कारखाने आणि आग विझवण्याचा फेस यांतूनही ती पाण्यात येतात. पण कोट धुताना, घासताना लेप सुटतो आणि तो शेवटी पाण्यातच जातो.

ब्रिटनच्या शिकाऱ्यांना हा पेच ओळखीचा आहे. शिशाचे छर्रे पाणथळ जागी पडतात, बदकं ते खडे समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात. म्हणून इंग्लंडमध्ये १९९९ पासून बदक-हंसांसाठी शिशाचे छर्रे वापरायला बंदी आहे.

पीफासपैकी पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेलं. कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२५ पासून असे नवे कपडे विकायला बंदी घातली. पण त्यात एक खिडकी ठेवली. खोल समुद्रातली मासेमारी किंवा गिर्यारोहण अशा अतिशय ओल्या परिस्थितीसाठीच बनवलेल्या कपड्यांना २०२८ पर्यंत सवलत, मात्र लेबलवर तसं लिहायचं. फ्रान्सची बंदी १ जानेवारी २०२६ पासूनची आहे, संरक्षक पोशाखांचे अपवाद सोडून. गोर कंपनीनंही २०२२ मध्ये फ्लोरिन नसलेला नवा पडदा बाजारात आणला.

नवे, फ्लोरिनमुक्त लेप पाणी नीट अडवतात. ते कमी पडतात तेलापुढे. अंगाचं तेल, हाताचा मळ, आणि शिकाऱ्याच्या बाबतीत खारट हवेत गंज चढू नये म्हणून बंदुकीला लावलेलं तेल कापडावर लागलं, की तिथे लेप लवकर निकामी होतो. त्यामुळे असा कोट घेतला तर तो जास्त वेळा धुवावा लागतो आणि वर्षातून एखादवेळा लेप पुन्हा चढवावा लागतो. जुना, फ्लोरिनवाला कोट आधीच घरात असेल, तर तो फेकून नवा घेण्यानं पर्यावरणाचं भलं होत नाही. तो दुरुस्त करून झिजेपर्यंत वापरणं बरं.

एक तिसरा, कुणी फारसा न मिरवणारा पर्यायही आहे. मच्छीमार वापरतात तसा पीव्हीसी किंवा रबराचा कोट. शंभर पौंडांच्या आत मिळतो, पाणी अजिबात आत येत नाही, पाइपच्या पाण्यानं धुवून टाकता येतो. घाम अडकतो आणि थोडा वाजतो. पण गाडीपासून बसायची जागा दोनशे पावलांवर असेल आणि काम नुसतं बसून राहण्याचं असेल, तर बजेट कमी असलेल्या माणसानं दुसरीकडे बघायची गरज नाही.

दुकानात आणि घरी करायची तपासणी

कोट बघायला जाताना आत घालायचा सर्वांत जाड स्वेटर सोबत न्यावा. कोट घालून खाली बसावं, उठावं, आणि दोन्ही हात डोक्यावर न्यावेत. पाठ उघडी पडली, बाही अर्ध्या हातावर आली किंवा खांदा आवळला, तर माप चुकलं. थर जाड झाले की बंदूक खांद्याला नेहमीच्या जागी बसत नाही, त्यामुळे फार जाड अस्तराचा कोट घेण्यापेक्षा मोकळा, बिनअस्तराचा कोट आणि आत लोकर, ही जोडी बरी. बाही कानाजवळ नेऊन कापड कापडावर घासावं. कानाला टोचणारा आवाज हंसांनाही टोचेल.

खाजणातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्यानं चिखल आणि मीठ काढावं, चेनच्या दातांतून पाणी सोडावं आणि कोट सावलीत, हवेशीर जागी वाळवावा. हीटरवर टाकलेल्या मेणकापडाचं मेण वितळतं आणि पडद्याच्या कोटाच्या शिवणपट्ट्या सुटतात.

बिल अजून हातात आणि परत करायची मुदत बाकी असेल, तर घरी शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहावं. आधी सरळ, मग हात वर करून, मग वाकून. त्याआधी चारही खिशांत आणि बाहीच्या आत मनगटापाशी टिश्यू पेपरचा एकेक तुकडा ठेवावा. नंतर तुकडे बाहेर काढावेत आणि कुठला ओला झालाय ते बघावं.